शटरं येईपर्यंत : बारा उघड्या खणांचं प्रकरण

ताईच्या स्वयंपाकघराचं काम संपत आलं होतं. खणांचे सांगाडे बसले, ओटा बसला, नळ लागला, दिवे लागले. शटरं, म्हणजे खणांची दारं, तेवढी राहिली. "पंधरा दिवस धरा," असं सांगण्यात आलं. पंधरा दिवसांनी शटरं आली ती मापात चुकलेली, म्हणून परत गेली. पुन्हा करून आणेपर्यंत सगळे मिळून अकरा आठवडे गेले, आणि तेवढे दिवस ते स्वयंपाकघर उघड्या खणांनीच चाललं.

मी फर्निचरची मोजमापं घेण्याचं आणि नकाशे काढण्याचं काम करते. सांगाड्याची कुठली बाजू कशी जोडलेली असते हे मला रोज पाहावं लागतं. तरीही पहिल्या आठवड्यात आम्ही जे केलं ते कुणीही केलं असतं तसंच केलं, आणि या सगळ्या काळात सर्वांत जास्त नुकसान त्यानेच झालं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. खण झाकायला काय घ्यावं हे सगळे विचारतात. ते झाकण कशाच्या आधाराने राहणार हे कुणी विचारत नाही, आणि सगळं बिघडतं ते तिथेच.

आधी जागा सांगते. एकूण बारा खण, सात खाली आणि पाच वर. खालच्यांत ६० सेंमी रुंदीचे चार, एक ९० सेंमीचा दोन शटरांचा, एक सिंकखालचा आणि एक शेगडीखालचा, ज्यात ट्रॉल्या होत्या पण त्यांचे दर्शनी फळे नव्हते. वरच्या पाचांपैकी दोन चिमणीच्या दोन्ही अंगांना, उरलेले तीन पलीकडच्या भिंतीवर. खालच्या सांगाड्यांची उंची ७२ सेंमी, फळ्यांची जाडी १८ मिमी. म्हणजे ६० च्या खणाचं आतलं मोकळं तोंड ५६.४ सेंमी रुंद आणि ६८.४ सेंमी उंच. हे आकडे पुढे लागतील.

घरात ताई, भाऊजी, ताईच्या सासूबाई आणि पंधरा महिन्यांची माझी भाची. सासूबाईंना मी काकू म्हणते. त्यांचे गुडघे दुखतात, वाकून फार वेळ शोधाशोध करता येत नाही. भाचीला त्या दिवसांत एकच उद्योग होता, जे दिसेल ते ओढायचं.

पहिल्या शनिवारी भाऊजींनी पारदर्शक प्लास्टिकचं मोठं भेंडोळं आणलं. ओट्याच्या कडेखाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते ताणून लावलं आणि खाकी चिकटपट्टीने पक्कं केलं. वरच्या खणांनाही तसंच. लांबून पाहिल्यावर सगळं नीट झाकलेलं दिसलं आणि आम्हाला बरं वाटलं.

सोमवारी ताईचा फोन आला. "अगं, एक पातेलं काढायचं तर अख्खी भिंत सोडवावी लागते. काल आईंनी तीन वेळा पट्टी काढली, आता ती चिकटतच नाही."

मी गेले तेव्हा प्लास्टिकच्या आतल्या अंगाला पाण्याचे थेंब होते. सिंकच्या बाजूला धुतलेली भांडी ओलसरच आत गेली होती आणि तो दमटपणा बाहेर पडायला वाटच नव्हती. प्लायवूड असो की भुशाचा बोर्ड, त्याच्या कडा पाण्यापासून जपायच्या असतात. भुशाचा बोर्ड तर एकदा फुगला की पुन्हा बसत नाही. शेगडीच्या शेजारी प्लास्टिकची कड उन्हाने वाळलेल्या पानासारखी वळून आली होती. आणि भाची खाली बसून सुटलेलं टोक तोंडावर ओढून घेत होती. ते पाहिल्यावर मी दुसरं काही न बघता खालचं सगळं प्लास्टिक काढून टाकलं. पातळ प्लास्टिक लहान मुलाच्या नाकातोंडावर बसलं तर त्याला ते स्वतःहून काढता येत नाही. घरात रांगतं किंवा चालायला लागलेलं मूल असेल तर त्याच्या उंचीवर पातळ प्लास्टिक लावूच नये, एका दिवसासाठीही नाही.

पट्टी काढताना दुसरं नुकसान दिसलं. सांगाड्याच्या पुढच्या कडेला लॅमिनेटच्याच रंगाची बारीक पट्टी चिकटवलेली असते. खाकी चिकटपट्टी ओढली तशी एका खणाची ती पट्टी वीतभर उचलून आली. बाकी ठिकाणी गोंद राहिला. तो हेअर ड्रायरने कोमट करून, तेलाचा बोळा फिरवून निघाला, पण दोन तास गेले.

एक सांगायला हवं. प्लास्टिकचं भेंडोळं वाया गेलं नाही. पुढे एकदा भिंतीला भोकं पाडायची होती आणि घासकाम होतं, तेव्हा त्या चार तासांपुरतं आम्ही तेच प्लास्टिक सगळीकडे सोडलं आणि काम संपताच काढलं. धूळ उडणार असेल त्या वेळेपुरतं त्याच्यासारखं झाकण नाही. त्यात संसार मात्र करता येत नाही.

त्या संध्याकाळी मी आणि ताई चहाचे कप घेऊन खाली फरशीवर बसलो आणि एकेका खणासमोर सरकत गेलो. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. इथे आत काय जाऊ नये, किंवा बाहेर काय येऊ नये? पलीकडच्या भिंतीवरच्या वरच्या खणांत धूळ जाऊ नये. सिंकखाली पाहुण्यांची नजर जाऊ नये. खालच्या खणांत भाचीचा हात जाऊ नये. चिमणीशेजारच्या खणांत तेलाचे कण जाऊन बसतात. शेगडीखाली तर काही लावलं तर तेच धोक्याचं. बारा खणांना एकच उत्तर शोधत बसलो होतो, ते चुकत होतं.

सगळ्यांत आधी काय उघडं ठेवायचं ते ठरलं. चिमणीच्या दोन्ही बाजूंचे वरचे खण आणि शेगडीखालच्या ट्रॉल्या, एवढ्यांना काहीही लावायचं नाही. सुती कापड पेट घेतं आणि उभ्या टांगलेल्या कापडावर ज्योत झपाट्याने वर चढते. पॉलिस्टर वितळतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. पुठ्ठा आणि प्लास्टिक यांच्याबद्दल वेगळं बोलायलाच नको. शिवाय गॅसचा कॉक हाताला चटकन लागला पाहिजे. कुणाकडे सिलिंडरच ओट्याखाली असेल तर त्या खणाचं खालचं तोंड कधीही बंद करू नये, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. वरच्या त्या दोन खणांतलं सगळं सामान आम्ही घट्ट झाकणांच्या डब्यांत घातलं, ट्रॉल्यांतली भांडी पालथी घातली आणि पुढे गेलो.

खालच्या ६० च्या खणांना पडदे करायचे ठरले. भाऊजी स्प्रिंगचे रॉड घेऊन आले. फिरवून लांब करायचे आणि दोन भिंतींमध्ये दाबून बसवायचे, ते. भोक नको, गोंद नको. बसवले, ताईने घाईत दोन जुन्या ओढण्या त्यांवर टाकल्या. दुसऱ्याच दिवशी भाचीने एक ओढणी धरून अंगाचा भार टाकला आणि रॉड ठणकन तिच्या पायाजवळ पडला. लागलं नाही. पण तो आवाज ऐकून काकू आतल्या खोलीतून धावत आल्या, आणि ताई रडवेली झाली होती.

असा रॉड टिकतो तो केवळ घर्षणावर. भिंत सिमेंटची, खरबरीत असेल तर ठीक. लॅमिनेट गुळगुळीत असतं, त्यावर स्वयंपाकघरातला तेलकट हात फिरलेला असतो, आणि ओढ खालून अचानक येते. रॉड आणखी आवळणं हा उपाय नव्हे. जास्त आवळला तर शेवटच्या सांगाड्याची मोकळी बाजू बाहेर झुकते आणि पुढे शटर बसताना फट वेडीवाकडी दिसते.

मग मला ती भोकं आठवली. रोज कागदावर काढते, आणि इथे डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती. यंत्रावर केलेल्या बऱ्याच सांगाड्यांत दोन्ही बाजूंच्या आतल्या अंगाला एकाखाली एक बारीक भोकांची रांग असते. भोक ५ मिमीचं, दोन भोकांतलं अंतर ३२ मिमी, आणि रांग पुढच्या कडेपासून ३७ मिमी आत. बिजागरीची बैठक याच रांगेवर बसते आणि फळ्यांखालच्या पिनाही याच भोकांत जातात. म्हणजे सांगाडा करणाऱ्याने वजन पेलायची जागा आधीच करून ठेवलेली असते. फळ्यांबरोबर आलेल्या पुडीत जास्तीच्या पिना होत्याच. त्यातल्या चपट्या जिभेच्या पिना मी निवडल्या. वरून ७ सेंमीच्या सुमाराला दोन्ही बाजूंना समोरासमोर एकेक पिन दाबून बसवली आणि रॉडची टोकं त्या जिभांवर टेकवून मगच रॉड फिरवून घट्ट केला. आता भार पिनेवर आला, घर्षणाने फक्त रॉड जागेवर धरायचा. मी दोन्ही हातांनी खाली दाबून पाहिलं, हलला नाही.

बिजागरीच्या बैठका आधीच बसवलेल्या असतील तर त्यांना हात लावू नये. त्यांच्या वरचं किंवा खालचं मोकळं भोक घ्यावं.

रॉडऐवजी पडद्याची स्प्रिंगची तार चालेल का, असं भाऊजींनी विचारलं, कारण ती घरात पडून होती. लावून पाहिली. दहा मिनिटांत पिन भोकातून बाहेर आली. पिन वरून येणारं वजन झेलते. तार मात्र तिला आडवी, भोकातून बाहेरच्या दिशेने ओढत राहते, म्हणजे हळूहळू उपसूनच काढते. रॉड बाहेर ढकलतो, तार आत ओढते. दिसायला दोन्ही एकच काम करतात, पण या पिनांवर रॉडच चालतो.

९० च्या खणाने थोडा त्रास दिला. तिथे रॉड मधोमध बाक धरायचा. त्याच जाडीच्या रॉडवर तसाच कापडाचा भार असेल तर झोळ लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. ६० चा ९० सेंमी झाला की जवळपास पाचपट. त्यात हे रॉड दोन नळ्या एकमेकींत घालून केलेले, त्यातली आतली बारीक. शेवटी ओट्याखालच्या पुढच्या आडव्या पट्टीला खालच्या अंगाने एक लहान कपहूक लावला आणि रॉडचा मध्य त्यात अडकवला. अख्ख्या कामात नवीन भोक पडलं ते हे एकच. ते खालून आहे, वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही. ताईला विचारूनच पाडलं.

आता कापड. ताईकडे १५० × २२५ सेंमीची जुनी सुती चादर होती, धुऊन धुऊन मऊ झालेली. जुनी चादर मुद्दाम घेतली. नवं सुती कापड पहिल्या धुण्याला आटतं, आणि आटलेला पडदा खणाच्या तळापासून वर चढतो. नवंच घ्यायचं असेल तर आधी धुऊन, वाळवून, मगच कात्री लावावी.

पडद्याचं कापड तोंडाच्या दीडपट रुंद हवं, नाहीतर ते ताणलेल्या चादरीसारखं दिसतं आणि बाजूंनी फटी पडतात. तोंड ५६.४, म्हणजे शिवून झालेली रुंदी साधारण ८५ हवी. कडांच्या तुरपाईसह तुकडा ९० सेंमीचा धरला. उंचीला ७५. चादर १५० रुंद, तिच्यात ७५ चे दोन. लांबी २२५, तिच्यात ९० चे दोन आणि ४५ उरले. असे ९० चे चार तुकडे आणि ४५ चे दोन. तीन तुकडे ६० च्या तीन खणांना गेले (चौथा उघडाच ठेवला, ते पुढे सांगते). चौथा ९० चा आणि एक ४५ चा मिळून मोठ्या खणाचे दोन पडदे झाले, एक मोठा, एक लहान. मोठ्यामागे मोठी पातेली, लहानामागे झाकण्या. उरलेला ४५ चा तुकडा ठिगळासाठी ठेवला. एका चादरीत चारही खण झाले. कापड मांडून झाल्यावर ताईच्या चेहऱ्यावर तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसू दिसलं.

शिवताना एक गोष्ट आम्ही वेगळी केली. वरून १० सेंमी दुमड घेतली. त्यातल्या वरच्या ५ सेंमीखाली आडवी शिलाई मारली, म्हणजे रॉडच्या वरची मोकळी जागा झाकायला झालर झाली. तिच्याखाली रॉडसाठी नेफा. हा नेफा खालून शिवला नाही. तिथे चार टिचबटणं लावली, दुहेरी दोऱ्याने, प्रत्येक भोकातून सहा-सहा टाके घालून, कारण सुटलेलं बटण मुलाच्या तोंडातच जातं. हेतू हा की भाचीने जोर लावला तर बटणं सुटावीत आणि कापड तिच्या हातात यावं. रॉड जागचा हलू नये. तसंच झालं. पुढच्या आठवड्यात तिने किमान दहा वेळा पडदा काढला. दरवेळी टट्-टट् आवाज, कापड खाली, ती खूश. रॉड एकदाही पडला नाही. धुवायलाही सोपं झालं, रॉड न काढता पडदा निघायचा.

खाली २ सेंमी तुरपाई. तयार उंची ६३. पडदा खणाच्या तळापासून बोटभर वरच थांबतो. लांब पडदा काकूंच्या पायात अडकला असता, आणि ही खालची फट हवेलाही हवीच होती.

काकूंची तक्रार मात्र निघाली, आणि ती बरोबर होती. "कापड लावलं ते छान, पण आता आत काय आहे ते कळत नाही. प्रत्येक पडदा उचलून वाकायचं का?" पडद्यांना तीन निरनिराळ्या रंगांच्या नाड्या टाचल्या, सामान त्या क्रमाने लावलं. लाल नाडीमागे रोजची भांडी. दोन दिवसांत त्यांच्या हाताला सवय झाली. हे मला आधी सुचायला हवं होतं. मी मापांतच गुंतले होते.

भाचीबद्दल वेगळं लिहिते, कारण इथे बऱ्याच घरांत फसगत होते. पडद्याला कुलूप समजायचं नाही. झाकलं की मूल विसरतं असं मोठ्यांना वाटतं. उलट, मागे काहीतरी आहे हे कळल्यावर त्याचं कुतूहल वाढतं. लोहचुंबकाने पडद्याच्या कडा चिकटवाव्यात असं मला कुणीतरी सुचवलं होतं. मी ते साफ नाकारलं. लहान, जोरदार चुंबक मुलाने एकाहून जास्त गिळले तर ते आतड्याच्या दोन पदरांतून एकमेकांना धरतात आणि मधला भाग मरतो. लोंबत्या दोऱ्या, फास पडेल अशा नाड्या, ह्याही नकोत. आम्ही टाचलेल्या रंगीत नाड्या बोटाएवढ्याच ठेवल्या आणि दोन्ही टोकांना शिवल्या. सुऱ्या, काचेच्या वस्तू, सफाईच्या बाटल्या खालून निघाल्या आणि चिमणीशेजारच्या उघड्या खणांतल्या सर्वांत वरच्या फळीवर गेल्या. जड पातेली ९० च्या खणात तळाशी. आणि ६० चा चौथा खण, दाराजवळचा, तो पूर्ण उघडाच ठेवला. त्यात लाकडी चमचे, प्लास्टिकचे वाडगे, जुनी गाळणी, एक रिकामा डबा. तो भाचीचा खण. तिने बाकीचे पडदे ओढणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी जवळजवळ बंद केलं, कारण तिला आत बसायला जागाच मिळाली होती.

सिंकखाली कापड नको होतं. न्हाणीघरातला जुना प्लास्टिकचा जाड पडदा होता, त्याच्या वरच्या कडेला आधीच डोळे होते, म्हणजे ओवायची भोकं. खालून कापून तो मापाचा केला आणि डोळ्यांतून रॉड ओवला. तळापासून ६ सेंमी जागा मुद्दाम मोकळी सोडली. सहाव्या आठवड्यात ताईला त्या फटीतून फरशीवर एक चकाकता ठिपका दिसला. पाइपाच्या सांध्यातून पाणी झिरपत होतं. नटाला पाव वळसा दिला आणि थांबलं. खण तळापर्यंत बंद असता तर ते पाणी कळायला वास यावा लागला असता.

आता वरचे तीन खण. इथे मी एक चूक केली आणि ती तीन आठवडे चालू दिली. सुरुवातीला पुठ्ठे लावले होते. खोक्यांचे, नालीदार, जाडजूड. पुठ्ठा नाल्यांच्या दिशेने ताठ असतो आणि आडवा पटकन वाकतो, म्हणून दोन पुठ्ठे एकमेकांवर काटकोनात चिकटवले. प्लायवूडचे थर असेच आलटून पालटून असतात. ताठपणा उत्तम आला. पण तिसऱ्या आठवड्यात खालच्या कडा वाफेने मऊ पडल्या, आणि एका पुठ्ठ्याच्या नालीत झुरळांची अंडी सापडली. अरुंद, अंधारी, कोमट फट म्हणजे झुरळांना हवी तशीच जागा. जिथे खाण्याचं सामान ठेवायचं तिथे नालीदार पुठ्ठा पुन्हा वापरणार नाही.

त्याच्या जागी पोकळ नळ्यांची प्लास्टिक शीट आणली, पाट्या करायला वापरतात ती, ४ मिमी जाडीची. ही पॉलिप्रॉपिलीनची असते, पाणी पीत नाही, ओल्या फडक्याने पुसता येते. आणि पॉलिप्रॉपिलीनचा एक मोठा गुण म्हणजे ते वारंवार वाकवलं तरी लवकर तुटत नाही. बाटल्यांची एकसंध, जागच्या जागी उघडणारी झाकणं म्हणूनच त्याची करतात. तेव्हा बिजागरी शीटमध्येच करायची ठरवली.

तुकडा ५९.५ सेंमी रुंद कापला, नळ्या आडव्या येतील असा. वरून १२ सेंमीवर आतल्या अंगाला मोजपट्टी धरून दोन समांतर चिरा दिल्या, मधे एका नळीएवढं अंतर, आणि तेवढा पापुद्रा सोलून काढला. कटर हलक्या हाताने चालवायचा. बाहेरचा पापुद्रा अखंड राहिला पाहिजे, तोच बिजागरी. पहिल्या तुकड्यात माझा हात जड पडला आणि पट्टी सुटी होऊन हातात आली. दुसऱ्यापासून पातं नवं घातलं आणि दाब न देता दोनदा फिरवलं. मग ती १२ सेंमीची पट्टी सांगाड्याच्या माथ्यावर ठेवली, तिच्यावर एक जुनी फळी आणि फळीच्या मागच्या अर्ध्यावर, भिंतीला टेकून, दोन जाडजूड पुस्तकं. शीट पुढून खाली लोंबते. एका झडपेचं वजन काट्यावर केलं तर ३५० ग्रॅमसुद्धा भरलं नाही, त्यामुळे एवढं वजन पुरतं. चिकटपट्टी नाही, खिळा नाही. सांगाड्याच्या कडेला कसलाही डाग नाही.

अडचण एवढीच, की सबंध झडप उचलून धरायला एक हात अडकतो, आणि काकूंचा हात वर पोचत नाही. म्हणून शीटच्या मधोमध तशीच आणखी एक घडी केली. आता खालचा अर्धा भाग वर दुमडून कपड्यांच्या दोन चिमट्यांनी वरच्या अर्ध्याला लावायचा. खालची फळी दोन्ही हातांना मोकळी. काकू सकाळी आल्या की चिमटे लावत, काम आटपलं की काढत. वरच्या फळीवर क्वचित लागणारं सामान होतं, तिथे ताई किंवा भाऊजीच हात घालत.

ज्यांच्या सांगाड्यांना भोकांची रांग नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. चिकटणारे हूक लावायचे तर पुढच्या कडेवर लावू नका, आतल्या सपाट बाजूवर लावा. लावण्याआधी जागा स्पिरिटने पुसा. आणि आधी एखाद्या कोपऱ्यात, शटर बसल्यावर दिसणार नाही अशा ठिकाणी, चार दिवस लावून काढून पाहा. रंग दिलेलं लाकूड असेल तर हे जास्तच जपून करावं.

रोजची देखभाल फारशी नव्हती. शेगडीच्या जवळचा पडदा दर आठवड्याला धुवावा लागे, बाकीचे पंधरा दिवसांनी. शेगडीजवळच्या कापडावर तेलाचा पातळ थर बसतो आणि त्यावर धूळ चिकटते. हात फिरवल्यावर कापड किंचित ओढल्यासारखं लागतं, ते लागलं की धुवायचं. झडपा आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने.

अकराव्या आठवड्यात शटरं आली. बसवायला आलेल्या सुतारदादांनी पिना पकडीने उपसल्या, रॉड बाजूला ठेवले आणि बिजागऱ्या लावायला घेतल्या. कुठलंच भोक सैल झालं नव्हतं. पहिल्या आठवड्यात उचकटलेली कडेची पट्टी त्यांनी पुन्हा चिकटवून दिली. जवळून पाहिलं तर सांधा दिसतो.

मला मात्र एक गोष्ट त्या दिवशीच कळली. चार रॉड निघाले, त्यांच्या आठही टोकांच्या जागी लॅमिनेटवर रुपयाएवढी करडी वर्तुळं उमटली होती. रॉडच्या टोकांना रबराच्या टोप्या होत्या. त्यांतला अंश फिकट लॅमिनेटमध्ये उतरू शकतो, आणि तो डाग वरून पुसून गेला नाही. स्पिरिट, साबण, खोडरबर, सगळं करून पाहिलं. शटर लावल्यावर ती वर्तुळं आत जातात, कुणाला दिसत नाहीत. पण ताई खण उघडते तेव्हा तिला दिसतात आणि मलाही. टोपी आणि फळी यांच्यामध्ये पांढऱ्या कापडाची चकती ठेवली असती तर कदाचित हे टळलं असतं. पुढच्या वेळी ठेवीन.

बारापैकी अकरा खणांची शटरं बरोबर बसली. सिंकखालचं पुन्हा मापात चुकलं, परत गेलं. म्हणून तिथला प्लास्टिकचा पडदा अजून आहे, त्याच दोन पिनांवर. रॉडच्या टोकांशी आता कापडाच्या चकत्या आहेत. परवा गेले तेव्हा ताईने पडदा धुऊन गॅलरीत वाळत घातला होता, आणि भाची खाली उभी राहून त्याच्यातून आरपार पाहत होती.